लॅपटॉप चालू असतो, पण स्क्रीन मधेच काळी पडते. दुकानदार म्हणतो डिस्प्ले बदला. बदलावा का?

दादा, लगेच बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी डिस्प्ले गेल्यासारखा वाटत नाही. मुलगी नांदेडला बीसीएला आहे, लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, काम करता करता स्क्रीन काळी पडते, पंख्याचा आवाज मात्र चालूच राहतो, आणि झाकण जरा मागंपुढं केलं की कधीकधी चित्र परत येतं. गावातल्या दुकानात दाखवला तर त्यांनी न उघडताच डिस्प्ले गेला म्हणून सांगितलं. यातलं ते झाकणाचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी स्क्रीनची काच, स्वतः खराब असेल तर ते झाकण हलवून सहसा सुधारत नाही.

मी परभणीत लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो. स्क्रीन गेली म्हणून आणलेल्या लॅपटॉपमध्ये पॅनेल एकदम चांगलं निघणं ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे. पॅनेल हा लॅपटॉपमधल्या महागड्या भागांपैकी एक. कापसाच्या पैशातून लेकरासाठी घेतलेल्या मशीनवर अंदाजानं एवढा खर्च करायला लावणं मला पटत नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी काय बघायचं ते सविस्तर लिहितो. यातल्या कशालाच लॅपटॉप उघडावा लागत नाही.

स्क्रीन काळी पडली की पहिल्यांदा कॅप्स लॉकचं बटण दाबा आणि त्याचा बारीक लाईट बघा. दाबलं की लागतो, परत दाबलं की विझतो, असं होत असेल तर मशीन जागं आहे, फक्त डिस्प्ले येत नाही. लाईट काहीच करत नाही आणि पॉवरचा लाईट हळूहळू लुकलुकतोय, तर मशीन झोपलंय, म्हणजे स्लीपमध्ये गेलंय. सगळेच लाईट बंद, पंखाही बंद, तर लॅपटॉपच बंद पडलाय. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिघांचं दिसणं एकच, काळी स्क्रीन. तुमचा पंखा चालू राहतो म्हणजे पहिला प्रकार असावा, पण खात्री कॅप्स लॉकनंच करा. काही मशीनमध्ये स्लीपमध्ये जातानाही पंखा थोडा वेळ फिरत राहतो.

मशीन जागं आहे असं दिसलं की टॉर्च घ्या. मोबाईलचा चालतो. खोलीतला लाईट बंद करा, टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा आणि हळूहळू फिरवा. सरळ समोरून मारला तर नुसती चमक डोळ्यावर येते, काही दिसत नाही. तिरकं बघितलं की एखाद्या वेळी काळ्या काचेच्या आत खालची पट्टी, फोल्डरची चिन्हं, घड्याळाचे आकडे, सगळं अगदी फिकट, राखाडी दिसायला लागतं. असं दिसलं तर समजा की चित्र पॅनेलपर्यंत व्यवस्थित पोचतंय, फक्त त्याच्या मागचा उजेड गेलाय. एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागं एलईडीची पट्टी असते, तिला बॅकलाइट म्हणतात. २०१० च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एलईडीच्या जागी बारीक ट्यूब असायची आणि तिला वीज द्यायला वेगळी इन्व्हर्टरची पट्टी असायची. ती पट्टी जायची आणि लोक अख्खी स्क्रीन बदलायचे. तुमचा तेवढा जुना नसावा. लॅपटॉप ओएलईडी स्क्रीनचा असेल तर मात्र ही टॉर्चची परीक्षा लागू होत नाही, कारण त्यात बॅकलाइटच नसतो.

टॉर्चमध्ये चित्र दिसो न दिसो, पुढची परीक्षा टीव्हीची. घरच्या टीव्हीला एचडीएमआयचं तोंड असतं, केबल लावा आणि विंडोजचं बटण धरून पी दाबा. चित्र दोन्हीकडे दाखवायचा पर्याय निवडा आणि तसंच काम करत राहा. लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली पण टीव्हीवर सगळं सुरळीत चालू आहे, तर मदरबोर्डवरचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरचं, चित्र तयार करणारं ग्राफिक्स ठीक आहे. दोष केबल, पॅनेल किंवा बॅकलाइटच्या वीजपुरवठ्यात. दोन्हीकडचं चित्र एकदमच गेलं तर दोष मागं आहे: ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम, ग्राफिक्स चिप किंवा उष्णता. मग नवीन डिस्प्ले टाकूनही काही फरक पडणार नाही.

आता झाकणाबद्दल. मदरबोर्डपासून पॅनेलपर्यंत एक बारीक केबल जाते, ती बिजागरीच्या म्हणजे हिंजच्या पोटातून वर चढते. केसासारख्या बारीक तारांची जुडी, त्यावर काळं कापडी टेप, टोकाला चकाकणारी पन्नी. झाकण उघडलं की ती पिळते, मिटलं की सुटते. सेकंडहँड लॅपटॉपमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होते. हिंजचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या गठ्ठ्यांत बसवलेले असतात ते तडकतात, हिंज जागेवरून सरकतं आणि केबल त्याच्या धातूखाली चेपते. तुमच्या लॅपटॉपचं झाकण उघडताना एका कोपऱ्यात कट्‌ असा आवाज येतो का, किंवा खालची चौकट त्या कोपऱ्यात फाकते का, ते बघा. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची मुलांना सवय असते. ती मोडायला सांगा, नेहमी मधोमध धरून उघडायचं.

केबलच आहे का हे तपासायचं तर चित्र चालू असताना झाकण अगदी सावकाश पूर्ण उघडा आणि परत अर्ध्यापर्यंत आणा. ठरावीक कोनात चित्र थरथरतं, रेघा येतात, रंग बदलतो आणि मग अंधार, असं असेल तर संशय केबलवरच घ्या. कधीकधी केबल तुटलेली नसते, फक्त पॅनेलच्या मागचं तिचं टोक ढिलं झालेलं असतं. ते नीट बसवून वर टेप लावलं की काम होतं. केबल बदलायची वेळ आली तरी ती पॅनेलपेक्षा पुष्कळच स्वस्त पडते.

झाकण हलवल्यावर चित्र परत येण्याचं दुसरंही एक कारण असतं आणि ते फार लोकांना माहीत नसतं. झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकामुळं कळतं. स्क्रीनच्या चौकटीत छोटा चुंबक असतो आणि खाली कीबोर्डच्या बाजूला हॉल सेन्सर नावाचा बारीक भाग. चुंबक जवळ आला की लॅपटॉप समजतो झाकण लागलं, आणि स्क्रीन बंद करतो. आता मुलीच्या मोबाईलच्या कव्हरला चुंबकाचं बटण असेल आणि ती मोबाईल कीबोर्डच्या शेजारी हात टेकायच्या जागेवर ठेवत असेल, तर सेन्सर फसतो. चुंबकानं चिकटणारा घड्याळाचा पट्टा, इअरफोनची डबी, एकावर एक ठेवलेले दोन लॅपटॉप, यांनीही तेच होतं. तिला विचारा, मोबाईल नेमका कुठं ठेवते. हॉस्टेलच्या छोट्या टेबलावर तो बहुतेक लॅपटॉपवरच ठेवला जात असणार.

केबल आणि सेन्सर यांतला फरक विंडोज स्वतः सांगतं. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग सिस्टिम उघडा. स्क्रीन काळी पडली त्या वेळेची नोंद बघा. कर्नल-पॉवर नावासमोर ४२ किंवा ५०६ आकडा असेल तर मशीन स्लीपमध्ये किंवा स्टँडबायमध्ये गेलं होतं, म्हणजे सेन्सर किंवा सेटिंगकडे बघायचं. कर्नल-पॉवर ४१ असेल तर लॅपटॉप नीट बंद न होता मधेच मेला होता. डिस्प्ले नावासमोर ४१०१ असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकून परत सुरू झाला होता. त्या वेळेला यातलं काहीच नोंदलेलं नसेल, तर विंडोजच्या हिशेबी सगळं ठीक चाललं होतं. मग केबल किंवा बॅकलाइट.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या वर्णनात ते बसत नाही. पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीन किती मिनिटांनी बंद व्हावी ते बॅटरीसाठी वेगळं आणि चार्जरसाठी वेगळं असतं, दोन्ही बघून घ्या. स्क्रीन पूर्ण काळी न होता नुसती मंद होत असेल तर ऑटो ब्राइटनेस आणि बॅटरी सेव्हर बंद करून बघा. लाईट गेली की किंवा परत आली की स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि उजेड कमीजास्त होतो, तो दोष नाही, लॅपटॉप चार्जरवरून बॅटरीवर जातोय एवढंच. काळ्या स्क्रीनवर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. तेवढ्यानं दरवेळी चित्र परत येत असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाका.

विंडोजचा संबंध आहे की नाही हे एका झटक्यात कळायला हवं असेल तर लॅपटॉप चालू करतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर, जा. डेल, एसर, आसूसला बहुतेक एफ २, एचपीला एफ १०. त्या पानावर लॅपटॉप अर्धा तास तसाच ठेवा, मधून मधून झाकण हलवा. तिथं विंडोज चालत नसतं, त्याचा ड्रायव्हर नसतो, त्याची सेटिंग नसते. तिथंही काळं पडलं तर दोष हार्डवेअरमध्ये आहे. डेलचा असेल तर आणखी सोपं आहे: बंद लॅपटॉपवर डी बटण दाबून धरायचं आणि पॉवर दाबायचं. स्क्रीन एकेक रंग दाखवते. ते रंग नीट दिसले तर पॅनेल जिवंत आहे.

उष्णतेचंही बघा, विशेषतः लॅपटॉप पूर्ण बंद पडत असेल तर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. मानवत, सेलू, परभणी या पट्ट्यात जिनिंगच्या दिवसांत कापसाचं बारीक तूस हवेत असतं. ते पंख्यातून आत जातं आणि जाळीवर जाऊन बसतं. उघडल्यावर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये करड्या नमद्यासारखा थर निघतो, सोलून काढता येईल असा. हवा बाहेर पडायला जागाच उरत नाही. मुलगी गादीवर लॅपटॉप ठेवून अभ्यास करत असेल तर खाली पाट किंवा जाड पुठ्ठा ठेवायला सांगा. दिवसाआड होणाऱ्या कमीजास्त व्होल्टेजला लोक फार घाबरतात, पण लॅपटॉपचा अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्याच्यावर तसं छापलेलंच असतं. त्रास देतो तो प्लग लावायचा ढिला बोर्ड, ठिणग्या पाडणारा.

एवढं सगळं करून केबलवरच संशय आला तर दुकानात जाताना तीन गोष्टींचा आग्रह धरा. पहिली, आधी केबल काढून परत बसवून बघा म्हणा, आणि त्या आधी बॅटरीची पिन सोडवायला सांगा. हे मी मुद्दाम सांगतोय. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची केबल काढली-घातली आणि टोक जरासं वाकडं लागलं, तर बॅकलाइटच्या वाटेवरचा मदरबोर्डवरचा छोटासा फ्यूज उडतो. मग नवीन पॅनेल लावलं तरी उजेड येत नाही आणि तेव्हा मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं जातं. तो फ्यूज तिळाएवढा, अगदी किरकोळ किमतीचा भाग आहे, मीटर लावला की लगेच सापडतो. टॉर्चमध्ये फिकट चित्र दिसत असेल तर फ्यूज तपासा असं आधीच सांगा.

दुसरी, पॅनेल बदलायचंच ठरलं तर आधी चांगलं पॅनेल नुसतं बाहेरून जोडून तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा, झाकण हलवत, थोडा वेळ. त्यावरही चित्र जात असेल तर पॅनेलचा दोष नाही. बदललंच तर जुनं परत मागून घ्या, आणि त्याच्या मागच्या लेबलवरचा नंबर, ३० पिन की ४० पिन, हे नवीनशी जुळतंय का बघा.

तिसरी, मुलीचा पासवर्ड देऊ नका. डिस्प्ले तपासायला बायोसचं पान पुरतं, विंडोजमध्ये जायची गरज नसते. तिचे फोटो, तिचे प्रोजेक्ट, कुणी उघडून बघायचं कारण नाही.

दुरुस्तीला द्यायच्या आधी टीव्हीला जोडून तिच्या सगळ्या फाइल पेनड्राइव्हमध्ये उतरवून घ्या. तिची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आलीय असं तुम्ही लिहिलंय. टीव्हीवर चित्र नीट येत असेल तर दुरुस्तीची घाई करू नका, हॉस्टेलमध्ये कुणाचा जुना मॉनिटर मिळाला तर तो जोडून परीक्षेपर्यंत काम चालतं, लॅपटॉपला त्यानं काही होत नाही. टॉर्चमध्ये काय दिसलं, टीव्हीवर काय झालं आणि लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, एवढं खाली लिहा. केबल मिळण्यासारखी आहे का ते मी बघून सांगतो.