ओहोटीच्या पुळणीवर

प्रश्न : सिझर होऊन ३ महिने झाले, ९ किलो वजन अजून उतरलेलं नाही. सासूबाई अळिवाचे लाडू देतात. जेवण कमी करू का? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अगं, बाळ अंगावर पितंय ना? मग उपास नकोच. दुधासाठी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात. लाडू एकच घे. कुळथाची पिठी, भात, बांगडा मात्र पोटभर जेव.

व्यायामाआधी उताणी झोपून गुडघे दुमड, डोकं जरा उचल आणि बेंबीजवळ बोटं ठेव. पोटाच्या स्नायूंमध्ये दोन बोटांहून जास्त फट लागली तर पोटाचे व्यायाम थांबव, फिजिओथेरपिस्टला दाखव. डॉक्टरांनी हो म्हटलं की ओहोटीला ओल्या, घट्ट पुळणीवर वीस मिनिटं चाल. कोरड्या वाळूत पाय रुततो, कंबर भरून येते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन उतरायला मला वर्ष लागलं होतं गं.