मन सावरलं, पण अंगात त्राण नाही

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, दोन्ही नीट पाहिलं. नैराश्यावरच्या गोळ्यांनी रडू येणं थांबलं, डोक्यातलं रात्रभराचं दळण थांबलं, पण नऊ-नऊ तास झोपूनही सकाळी उठवत नाही, जिना चढला की बसावंसं वाटतं, आणि हे चार महिने चाललंय. शेवटी विचारलंयस, 'गोळ्या बंद करून बघू का?' त्याचं उत्तर आधीच देतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि 'होईल सवय' म्हणून आणखी चार महिने हे असंच रेटायचंही नाही. या दोन टोकांच्या मध्ये करण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात तारखांपासून कर. थकवा गोळ्यांच्या आधीपासून होता की नंतर आला? नैराश्यात थकवा हे आजाराचंच एक मुख्य लक्षण असतं. उपचाराने मन आधी सावरतं आणि शक्ती मागे रेंगाळते, असं फार जणांचं होतं. म्हणजे थकवा आधीपासूनचा असेल तर आजार अजून पुरता हटलेला नाही, किंवा शरीरात वेगळंच काही दडलंय. याउलट गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर आठ-पंधरा दिवसांत थकवा आला असेल, तर संशय औषधावर. असा थकवा बहुधा पहिल्या दोन-चार आठवड्यांत ओसरू लागतो. दोन महिने उलटूनही तसाच असेल, तर तो आपोआप जाईल अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

आता थकव्याची जात ओळख, कारण उपाय त्यावरच ठरतो. दुपारी पडदे ओढून आडवं झालं की पाच-दहा मिनिटांत डोळा लागत असेल, तर ती पेंग आहे. आडवं होऊनही झोप येत नाही, नुसतं अंग शिशासारखं जड, तर तो खरा थकवा. आणि तिसरी गोष्ट जी लोक थकवा म्हणूनच सांगतात: अंगाने करता येईल, पण करावंसंच वाटत नाही. दुःख नाही तसा आनंदही नाही, आवडतं गाणं लागलं तरी आत काही हलत नाही. हा भावनांचा बधिरपणा एसएसआरआय गटाच्या (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम वाढवणाऱ्या, तुझी एस्सिटालोप्राम त्यातलीच) औषधांत बऱ्याच जणांना जाणवतो आणि पुष्कळदा डोसशी बांधलेला असतो. डॉक्टरांना 'थकवा येतो' एवढंच सांगितलं तर ते रक्त तपासतील. 'काहीच जाणवत नाही' असं सांगितलं तर डोसचा विचार करतील. तेव्हा शब्द नेमके वापर.

पेंग मोजायला एपवर्थ नावाची प्रश्नावली आहे. आठ प्रसंग, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 10 च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आकडा जास्त असेल तर तोवर गाडी चालवू नकोस.

आता तुझी चिठ्ठी. सकाळी एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम, रात्री क्लोनाझेपाम 0.5, आणि पित्तासाठी ओमेप्राझोल 20. सगळे दोष पहिल्या गोळीला देतात, कारण तिच्यावर 'डिप्रेशनची गोळी' असा शिक्का असतो. माझी नजर मात्र दुसरीवर गेली.

क्लोनाझेपाम बहुधा सुरुवातीच्या घालमेलीसाठी, झोपेसाठी दिली जाते, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत चिठ्ठीवर तशीच उतरवली जाते. तिचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण 30 ते 40 तास. रात्री अकराला घेतलेल्या गोळीचा निम्म्याहून जास्त भाग दुसऱ्या रात्री अकराला अजून शरीरात असतो, आणि त्यावर पुढच्या गोळीचा थर चढतो. काही दिवस हा साठा वाढत जातो आणि मग एका पातळीला टिकून राहतो. सकाळचं जडपण, शब्द न आठवणं, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागणं, यातलं बरंचसं त्या साठ्याचं असू शकतं. पण, आणि हे अधोरेखित करून वाच, ही गोळी रोज घेत असताना एकदम बंद करायची नसते. झोप उडते, घबराट उसळून येते आणि क्वचित फिटही येते. ती आठवड्यांच्या हिशेबाने, डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनीच उतरते. तू फक्त इतकंच विचारायचं: 'ही अजून लागते का? नसेल तर कशी कमी करायची?'

ओमेप्राझोलही निरुपद्रवी पाहुणा नाही. यकृतातलं जे एन्झाइम एस्सिटालोप्राम मोडतं, त्यालाच ते अडवतं, त्यामुळे 10 ची गोळी रक्तात 10 पेक्षा जास्त भरते. पँटोप्राझोलचा हा परिणाम बराच कमी आहे. पित्त खरंच अजून आहे का, हेही एकदा विचार. चिठ्ठीबाहेरची औषधंही सांगायची: सर्दी-ॲलर्जीची सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन, धडधडीसाठी दिलेलं प्रोप्रानोलॉल, दुखण्यावरचं ट्रामाडॉल. पहिली दोन पेंग आणतात, तिसरं अंग गाळतं. ट्रामाडॉल तर पेंग आणतंच, शिवाय या गटाच्या गोळ्यांबरोबर सेरोटोनिन नको इतकं वाढण्याचा धोका असतो. उदासीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचंही तेच. असलं काही आपल्या मनाने जोडू नकोस.

औषधाऔषधांत फरक असतो, म्हणून बदलाचा पर्याय खुला राहतो. मिर्टाझापिन, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रॅझोडोन ही नैराश्यावरचीच औषधं हिस्टामिन (मेंदूला जागं ठेवणारं रसायन) अडवतात, त्यामुळे गुंगी आणतात. ती रात्रीच घेतात. यातल्या मिर्टाझापिनची गंमत अशी की कमी डोसला तिची गुंगी पुष्कळदा जास्त जाणवते, म्हणून 'गुंगी येते तर निम्मी घे' हा शेजारचा सल्ला तिथे उलटा पडू शकतो. ब्युप्रोपिऑन सहसा गुंगी आणत नाही, पण फिटचा किंवा खाण्याशी संबंधित विकाराचा इतिहास असेल तर ते चालत नाही.

नऊ तास झोपूनही ताजंतवानं का वाटत नाही? एसएसआरआय गोळ्या स्वप्नांची झोप कमी करतात, काहींची झोप तुकड्यातुकड्यांची करतात. माणसाला ते कळतही नाही. सकाळी जबडा दुखतो का, चादर घामाने भिजलेली किंवा पायाशी गोळा झालेली असते का, रात्री पाय हलवत राहावंसं वाटतं का, कुणी तुझ्या घोरण्याची किंवा श्वास अडकण्याची तक्रार केलीय का, हे बघ. गोळ्यांनी वजन वाढलं असेल तर घोरण्याचा प्रश्न अंगावर काढू नकोस, झोपेची तपासणी होऊ शकते. चहा-कॉफीचं म्हणशील तर कॅफिनचं अर्धायुष्य पाचेक तासांचं, म्हणून दुपारी दोननंतर बंद. (याच गटातलं फ्लुव्हॉक्सामिन चालू असणाऱ्यांत तर ते कित्येक पटींनी लांबतं, सकाळचा कप रात्री जागवतो.)

रक्ताच्या तपासण्या एकदाच, पण पुऱ्या करून घे: हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी12, डी जीवनसत्त्व, एचबीए1सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), यकृताच्या चाचण्या आणि सोडियम. फेरिटिन आवर्जून सांगतो, कारण हिमोग्लोबिन चांगलं असूनही फेरिटिन 30 च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि तेवढ्यानेही माणूस गळतो. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर मात्र फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. सोडियमचं कारण वेगळं. या गोळ्यांनी काही जणांच्या शरीरात पाणी साठून रक्तातलं सोडियम 135 च्या खाली घसरतं. वृद्धांमध्ये आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांमध्ये हे जास्त होतं, पण तपासायला फार काही लागत नाही. थकव्याबरोबर डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं असेल तर त्याच दिवशी दाखव.

तपासण्या होईपर्यंत दोन आठवडे एक नोंद ठेव. सकाळी, दुपारी, रात्री तीन आकडे, 0 ते 10 मध्ये: पेंग, शक्ती, इच्छा. पुढे एका ओळीत त्या दिवशीची झोप, गोळ्यांच्या वेळा आणि एखादं वेगळं काम. उदाहरणार्थ: 'सकाळी 9. पेंग 7, शक्ती 4, इच्छा 3. रात्री 12 ते 8 झोप, दोनदा जाग. क्लोनाझेपाम 11.30 ला.' एवढंच. त्याहून जास्त लिहायला गेलं की चौथ्या दिवशी वही बंद पडते. चौदा दिवसांनी उघडलीस की आकार दिसतो: पेंग सकाळी शिखरावर आणि संध्याकाळी उतरती असेल तर रात्रीच्या गोळीवर बोट, दिवसभर सपाट असेल तर कारण दुसरीकडेही शोधायचं.

दिवस कसा घालवायचा, तर उठण्याची वेळ सातही दिवस एकच. उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेरच्या उजेडात. दुपारची झोप तीनच्या आत आणि गजर लावून वीस मिनिटं, जास्त नाही. चालणं दहा मिनिटांपासून, आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत. सगळ्यात मोठा घोळ चांगल्या दिवशी होतो: जरा बरं वाटलं की आठवड्याचं साचलेलं काम उपसायला बसायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. चांगल्या दिवशीही जेवढं झेपेल वाटतं त्याच्या दोन तृतीयांशावर थांब. मात्र थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तू पार कोसळत असशील, ताप आल्यासारखं अंग, डोकं चालेना, तर चालणं वाढवू नकोस. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यात रेटल्याने बिघडतं. डॉक्टरांना नेमकं हेच वाक्य सांग.

पुढे कधी ठरवून गोळ्या बंद करायची वेळ येईल, तेव्हासाठी. बरं वाटू लागल्यानंतर निदान सहा महिने उपचार चालू ठेवतात, कारण त्याआधी थांबवलं तर आजार उलटण्याची शक्यता जास्त. उतरवताना शेवटचे थोडे मिलिग्रॅम सगळ्यात अवघड असतात. 10 वरून 5 वर येताना मेंदूवरचा परिणाम थोडाच कमी होतो, पण 2.5 वरून शून्यावर येताना मोठी घसरण होते. म्हणून शेवटच्या पायऱ्या लहान लागतात, त्यासाठी काही औषधं द्रवरूपातही मिळतात. एक दिवसाआड गोळी घेणं हा मार्ग नव्हे, पातळी वरखाली हिंदकळते. व्हेन्लाफॅक्सिन तासांत उतरतं, तर फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळतं, म्हणून प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. बंद केल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचे झटके, विचित्र स्वप्नं, फ्लूसारखी मरगळ आली तर ती औषध सुटल्याची लक्षणं. आजार उलटतो तो बहुधा हळूहळू, आठवड्यांनी.

आणखी एक. पंचविशीच्या आत असणाऱ्यांनी डोस सुरू करताना वा बदलताना पहिले काही आठवडे घरातल्या एकाला सांगून ठेवावं. मरणाचे विचार, एका जागी बसवत नाही इतकी तळमळ, किंवा अचानक तीन-चार तासांच्या झोपेवर अफाट उत्साह, यातलं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

भेट दहा मिनिटांची असते, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रक्ताचे रिपोर्ट आणि चौदा दिवसांची वही टेबलावर ठेव. पहिलंच वाक्य असं असू दे: 'मूड सुधारलाय, पण चार महिने पेंग जात नाही, सकाळी सर्वांत जास्त, आणि त्यामुळे माझी ही ही कामं अडलीत.' मग विचार की आधी काय काढता येईल, वेळ बदलता येईल, की डोस. आणखी एक गोळी जोडण्याचा विषय त्यानंतर. एका वेळी एकच बदल मागून घे आणि त्याला किती आठवडे द्यायचे ते तिथेच लिहून घे. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कुणालाच कळणार नाही.

कळावे.