ज्यू मित्राला जाब विचारण्याआधी

प्रश्न : मुलगी अमेरिकेत एमएस करते. इस्राएलवर टीका केली की तिथे तो ज्यूद्वेष ठरतो का? (एक आई, नाशिक)

ताई, सरकारवरची टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. गाझातल्या युद्धाचा निषेध करणाऱ्यांत ज्यू विद्यार्थीही होतेच. पण शेजारी बसलेल्या मुलाला केवळ तो ज्यू म्हणून 'तुमच्या लोकांनी हे काय चालवलंय?' असा जाब विचारला, तर तो ज्यूद्वेषच. या दोन टोकांच्या मधे मात्र खरा वाद आहे. उदाहरणार्थ, ज्यूद्वेष कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या, अभ्यासकांच्या २०२१च्या जेरुसलेम जाहीरनाम्यानुसार इस्राएलवर बहिष्काराची मागणी एवढ्यानेच ज्यूद्वेषी ठरत नाही. पुष्कळ ज्यू संघटनांना ते मान्य नाही.

प्रश्न : विद्यापीठांतला हा ज्यूद्वेष ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने इस्राएलवर हल्ला केला, त्यानंतरचाच ना?

नाही. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला होता.

प्रश्न : मी राज्यशास्त्र शिकवतो. इतक्या तापलेल्या विषयावर वर्गात मोकळं बोलणं खरंच शक्य आहे?

शक्य आहे, पण त्याची पायाभरणी आधी व्हावी लागते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात हमासच्या हल्ल्यानंतर आठवड्याच्या आत ज्यू अध्ययन आणि मध्यपूर्व अध्ययन या दोन विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र जाहीर चर्चा घेतली. ज्यू अध्ययनाच्या सुझाना हेशेल आणि मध्यपूर्व अध्ययनाचे तारेक एल-अरीस एकाच मंचावर होते. या मंडळींची आधीपासून एकमेकांशी ओळख होती. त्यांच्यातले एक इजिप्तचे माजी राजनैतिक अधिकारी आणि एक ज्यू लेखक मिळून अभ्यासक्रमही शिकवत. विश्वास आधीचा होता, म्हणून शोकाच्या दिवसांतही मुलं ऐकायला बसली. माझ्या मते कुलगुरूंच्या दहा पत्रकांपेक्षा हे मोलाचं. तरी त्याच डार्टमथमध्ये १ मे २०२४ला युद्धाच्या निषेधार्थ मैदानात तंबू ठोकणाऱ्या आंदोलकांवर पोलीस बोलावले गेले, ८९ जणांना अटक झाली आणि त्यांत ज्यू अध्ययन विभागाच्या एक माजी प्रमुखही होत्या. याचं मला फार वाईट वाटतं. संवादाची सवय लावलेल्या ठिकाणीही शेवटी पोलिसांवरच वेळ आली.

तेव्हा सर, सुरुवात वादाने करू नका. आधी प्रत्येकाला समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडायला लावा. त्याने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं कबूल केल्यावरच उत्तर.

प्रश्न : माझा रूममेट ज्यू आहे. युद्धाचा विषय टाळू का? (विद्यार्थी, बॉस्टन)

टाळू नकोस, पण पहिल्याच दिवशी काढूही नकोस. त्याला आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंबद्दल सांग. पूर्वी तेलाचा घाणा चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी ही मराठी माणसं. गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. मग त्याच्या आजी-आजोबांचं गाव कोणतं, ते विचार.