खेड्यात राहून अमूर्त चित्रकार होता येतं का? स्टुडिओ, प्रेरणा, विक्री कशी जमवता?

होता येतं. मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या जुन्या कोठ्यात अकरा वर्षं चित्रं काढतोय. बैल विकले, कोठा रिकामा झाला. दार उत्तरेकडे, त्यामुळे दिवसभर उजेड सारखा. स्टुडिओला आणखी काय लागतं?

प्रेरणेचं विचारलंत म्हणून सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात वावरातली काळी माती चाळली, बाभळीच्या डिंकात कालवली आणि कॅनव्हासवर थापली. एप्रिलमध्ये आमची जमीन उलते तशा भेगा मला हव्या होत्या. भेगा आल्या, पण चार दिवसांत खपल्याही गळून पडल्या. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. वरून डिंक ठिसूळ आणि कॅनव्हास हलणारा. मोठ्या आईने एक खपली चिमटीत चुरडून पाहिली. "नुसती माती उलतेच ना रे बाबू. गव्हांडा काहून नाही टाकला?"

दुसऱ्या दिवशी प्लायवूड घेतलं. माती, शेण आणि गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, तिनेच मळला, पदर खोचला आणि फळी सारवली. तिचं मधलं बोट विळ्याने कापल्यापासून सरळ होत नाही, त्यामुळे सारवताना हाताच्या प्रत्येक कमानीत एक रेघ इतरांपेक्षा खोल उतरते. ती रेघ पाहिली आणि मला काय करायचं ते कळलं. पातळ गेरू फिरवायचा, पुसायचा, पुन्हा फिरवायचा. खोल रेघेत तेवढा तांबूस राहिला. त्या एका फळीला चार महिने लागले.

माझा भाऊ आजही प्रत्येक लग्नात पाहुण्यांसमोर म्हणतो, "सारवलं मोठ्या आईनं, यानं काय केलं?" मग नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरने रंग चढवायचे, उतरवायचे, ती चित्रं काय रोलरची? ते वर्षाला पाच-सहा कॅनव्हास पुरे करायचे. काय ठेवायचं, काय खरवडायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवणं म्हणजेच चित्र काढणं. मी तिने सारवलेल्या दोन फळ्या पुऱ्या खरवडल्या आहेत. तिला वाईट वाटलं, तरी खरवडल्या. उरलेल्यांच्या मागे दोघांची नावं आहेत. ज्याचा हात लागला त्याचं नाव लिहा, आणि चित्र माझं आहे हेही ठणकावून सांगा. दोन्ही खरं आहे.

हो, पावसाळ्यात हे काम करू नका. शेणाला बुरशी येते. फळी भिंतीला टेकवून ठेवलीत तर वाळवी लागते. पळसाच्या फुलांचा रंग सुंदर निघतो, पण उन्हात उडतो. विक्रीवर घर चालत नाही, माझं चार एकर तूर-पऱ्हाटीवर चालतं.

आता मोठ्या आईचा खांदा वर जात नाही. मी फळी जमिनीवर आडवी ठेवतो, ती बसून सारवते. कमानी लहान झाल्यात, ती खोल रेघ मात्र तशीच उतरते.