मुलगी अंगावर झाड बांधते, काही बिघडलंय का?

समुपदेशक म्हणून मला कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतातच. मीराच्या (नाव बदललं आहे) आईने तो मोबाइल पुढे करून विचारला. बांबूच्या कामट्यांचा पिंजरा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, त्यावर काथ्याने शिवलेल्या पोफळीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद आवरणं), चेहरा झाकलेला. त्या वेशात मीरा नदीकाठाने अगदी संथ चालत होती. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला आणि घरात रडारड झाली.

मी साध्या गोष्टी विचारल्या. झोप, जेवण, मैत्रिणी ठीक आहेत ना? वेश उतरवल्यावर नेहमीसारखी बोलते ना? कुणाचे आवाज ऐकू येतात असं कधी म्हणाली का? वडील म्हणाले, “नाही मॅडम. उलट हल्ली जरा हसायला लागलीय.” झोप उडाली असती, माणसं तोडली असती, तर मी लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. कपड्यांवरून निदान होत नाही.

मीरा एकटी भेटली तेव्हा कळलं की पाठीचा कणा वाकडा असल्याने शाळेच्या वयात तिला प्लॅस्टिकचा कडक पट्टा घालावा लागे. “तो मला घातला होता. हा मी बांधलाय,” ती म्हणाली. कमरेशी कामट्यांमध्ये तिने मुद्दाम फट ठेवली होती. पट्टा तिथेच काचायचा.

तिला विचारून मी आईवडिलांशी बोलले. जर्मन कलाकार रेबेका हॉर्नबद्दल सांगितलं. १९६०च्या दशकात शिकताना मास्कशिवाय पॉलिस्टर रेझिन (सुकून कडक होणारं रसायन) आणि फायबरग्लास हाताळल्याने तिची फुप्फुसं बिघडली. सॅनटोरियममध्ये पडून असताना ती चित्रं काढू लागली, शिवू लागली. पुढे शरीरावर बांधायची शिल्पं त्यातूनच आली. तिच्या ‘युनिकॉर्न’मध्ये अंगाला पांढरे पट्टे आणि डोक्यावर लांब शिंग बांधलेली तरुणी शेतातून चालते. १९७२मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनात हॉर्नचा सहभाग होता. वडील बराच वेळ ‘युनिकॉर्न’चा फोटो बघत राहिले.

मला खरी काळजी वाटली ती वेगळीच. मुखवट्यासाठी मीरा बंद खोलीत रेझिन वापरत होती. तिथे मात्र मी ठाम राहिले: उघड्यावर काम, आणि कापडी नव्हे, वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क. तो वडिलांनी आणला.

‘लोक काय म्हणतील’ हे आईच्या मनातून गेलेलं नाही. तिच्याशी बोलणं चालू आहे. तूर्त एवढं ठरलंय की नवा व्हिडिओ मीरा आधी आईला दाखवेल.