अरबीतून उन्हाळी शिबिर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दुबईत राहतो. मुलगी तिसरीत आहे. शाळेत अरबी सक्तीची असल्याने अक्षरे ओळखते, पण बोलत नाही. जुलैतल्या दोन आठवड्यांच्या शिबिरात विज्ञान, चित्रकला, स्वयंपाक सगळे अरबीतूनच असेल म्हणतात. तिला झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण पैसे भरण्याआधी वेळापत्रक मागून घ्या. रोज 4 तास आणि आठवड्याचे 5 दिवस धरले तर हाती 40 तास येतात. एवढ्यात सूचना समजणे, वस्तू मागणे, नको म्हणणे, मोजणे इतपत जमते. तेही कधी, तर तीच क्रियापदे दिवसभर फिरत राहिली तर. 'सुब्बी' (ओत), 'क़ुस्सी' (काप), 'क़ीसी' (माप) ही मुलीला म्हणायची रूपे सकाळी प्रयोगात ऐकली आणि दुपारी कणीक मळताना पुन्हा कानावर आली, की पक्की होतात. सकाळी ज्वालामुखी, दुपारी उंट, उद्या अवकाश अशी खिचडी असेल तर मजा येईल, भाषा येणार नाही.

दुसरे, शिक्षक कोणती अरबी बोलतात ते विचारा. 'तुला काय हवे?' हे मुलीला प्रमाण अरबीत 'माधा तुरीदीन', आखाती बोलीत 'शू तबीन', इजिप्तच्या बोलीत 'आयझा एह' असे विचारतात. दोन शिक्षक दोन बोली बोलले तर मूल गप्प बसते आणि पालकांना वाटते, ते लाजते आहे. शाळेतली अरबी प्रमाण असते, म्हणून गटात तरी तीच हवी.

गट 8-10 मुलांचा असावा. दुबईत बहुतेकांना इंग्रजी येत असल्याने मूल अडले की शिक्षक लगेच इंग्रजीवर जातात. मग पुढच्या वेळी मूल इंग्रजीचीच वाट पाहते. खुणेने किंवा करून दाखवणारा शिक्षक बरा. दुखले-खुपले तर मात्र कोणतीही भाषा चालावी, हे आधीच ठरवून घ्या.

उच्चारांत मराठी मुलांची एक हमखास चूक होते. आपण 'जहाज'मधला 'ज' म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकवतो आणि अरबी 'झाय' या अक्षरालाही तोच 'ज' वापरतो. पण 'झाय' म्हणताना जीभ टेकत नाही, नुसती हवा घासत जाते.

प्रश्न : शिबिरातला प्रयोग घरी करून शब्दांची उजळणी घेता येईल का?

उत्तर : हो. अंधारी पेटी (पिनहोल कॅमेरा) करा आणि करताना काप, माप हे शब्द अरबीतून म्हणत राहा. 11व्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला, त्यामुळे विषयही चपखल. बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला 1 सेंमी भोक पाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवून टाचणीने टोचा. समोरच्या टोकाला खिडकी कापून बटर पेपर लावा. चित्र उलटे दिसेल. पेन्सिलीने टोचले तर छिद्र मोठे होऊन चित्र धूसर होते. फिके दिसले तर कोपऱ्यांतून उजेड शिरतोय, तिथे काळी टेप लावा. घरातले दिवे बंद करून पेटी खिडकीबाहेरच्या उजेडाकडे धरा. सूर्याकडे कधीच नको.

प्रश्न : मुलगा डावखुरा आहे. सुलेखनात अडचण येईल का?

उत्तर : अडचण बोरूची येते. उजव्या हातासाठी तिरकी कापलेली जीभ डाव्या हातात उलट पडते आणि जाड-बारीक रेषांच्या जागा बदलतात. उलट काप दिलेला बोरू मागा, नाहीतर सुरुवातीला 3 मिमी चपट्या टोकाचा मार्कर द्या. शाई फरकटण्याची चिंता मात्र उजव्या हाताच्या मुलांना जास्त. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून त्यांचा तळवा ओल्या अक्षरांवर येऊ शकतो; तळव्याखाली कोरा कागद ठेवावा. दौतीत रेशमी धाग्यांचा छोटा गोळा घातला की बोरू हवी तेवढीच शाई उचलतो, डाग पडत नाहीत. अलिफ, दाल, धाल, रा, झाय, वाव ही सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडत नाहीत. तिथे हात उचलायचा, हे कोणत्याही हाताने लिहिणाऱ्याला आधी सांगा.