गाडीचा हिशोब काकूंच्या बाजूने

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. काकांची गाडी एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीत, नापास झाली, गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा आकडा सांगितला आणि काका म्हणाले की एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीनच घेतो. शहात्तराव्या वर्षी त्यांनी नवी गाडी घ्यावी का, हे तुला कळत नाहीये आणि त्यांच्याशी बोलायचा धीरही होत नाहीये. धीर होत नाही ते बरंच आहे. घाईने बोलली असतीस तर एका वाक्यात सगळं बिघडलं असतं.

काकांसाठी गाडी काय आहे ते आधी समजून घे. सत्तरच्या दशकात आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर ब्रिटनमधल्या साउथ वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांमध्ये गेले, कारण तिथे जायला इथले डॉक्टर फारसे तयार नव्हते. तुझे काका त्यांतले. रात्री दोनला फोन यायचा, पाऊस, धुकं, चढाची अरुंद गल्ली, आणि वरच्या रांगेतल्या एखाद्या घरात धाप लागलेला खाणकामगार. तिथे ते पोचायचे ते गाडीमुळे. त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं त्या स्टिअरिंगमागे गेली आहेत. तेव्हा आपण त्यांना परवानगी देणारे कोणी नाही, एवढं धरून चालू.

आता इथे लंडनच्या हॅरो भागात आम्ही काय केलं ते तू विचारलंस. आम्ही गाडी काढून टाकली आणि आमचं काही अडलं नाही. पण आमचं उदाहरण काकांना देऊ नकोस, ते लागू पडत नाही. लंडनमध्ये पेन्शनचं वय झालं की फ्रीडम पास मिळतो. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर बस आणि ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) फुकट. घरापासून चालत गेलं की ट्यूबची मेट्रोपॉलिटन लाइन. त्यात आमची गाडी जुनी डिझेलची, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार) सगळ्या लंडनभर लागू झाल्यावर तिला दारातून बाहेर काढलं की त्या दिवसाचे साडेबारा पौंड. निर्णय जवळजवळ आपोआप झाला. काकांचं घर साउथ वेल्सच्या खोऱ्यातल्या ट्रिऑर्की गावात, वरच्या चढावर आहे. तिथे हा हिशोब मांडायचाच नाही.

मग कुठला मांडायचा? मला विचारशील तर काकूंचा.

आपल्या पिढीतल्या जोडप्यांकडे नीट बघ. इथे आलेल्या बहुतेक घरांत गाडी नवरा चालवतो. बायकोने पुण्यात असताना लूना चालवलेली असते, इथे आल्यावर मुलं, नोकरी, थंडी यांत लायसन्स राहून जातं. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून फक्त बारा महिने गाडी चालवता येते, ते इथल्या लायसन्सशी बदलून मिळत नाही, सगळ्या परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. त्या वर्षात राहिलं ते राहिलंच. "हे आहेत ना सोडायला" असं म्हणत म्हणत तीस-चाळीस वर्षं निघून जातात. गाडी घरात असते, पण बायकोची नसते.

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीच्या यजमानांना डिसेंबरात अर्धांगवायूचा झटका आला. जानेवारीत मी तिच्याकडे गेले तर गाडी दारात उभी, काचेवर हिरवट शेवाळाची रेघ, आणि ही बाई कोट घालून सोफ्यावर बसलेली. केमिस्टकडून यजमानांच्या गोळ्या आणायच्या होत्या आणि शेजारची मुलगी ऑफिसातून येईपर्यंत ती थांबली होती. केमिस्टपर्यंत बस जाते. थांबा गल्लीच्या तोंडाशी आहे, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. तिचा बसचा पास कपाटात होता, प्लॅस्टिकच्या पाकिटातून कधी बाहेरच काढलेला नाही. मी तिला म्हटलं, चल, मी येते बरोबर. तर तिने विचारलं, "बसमध्ये चढल्यावर पास द्यायचा कुणाला?" आयुष्यभर बँकेत हिशोब सांभाळलेली बाई आहे गं ती. तिला काही जमत नव्हतं अशातला भाग नाही. कधी वेळच आली नव्हती, आणि आली ती सगळ्यांत वाईट दिवसात.

म्हणून म्हणते, काकांना गाडी चालवता येते की नाही हा प्रश्न नंतर. गाडी उद्या बंद पडली तर काकू डॉक्टरकडे, दुकानात, स्टेशनवर, मैत्रिणीकडे आपल्या आपण जाऊ शकतील का, हे पहिलं. उत्तर "हो" असेल तर काकांनी खुशाल गाडी ठेवावी, ती सोय झाली. उत्तर "नाही" असेल तर गाडीच्या भरवशावर दोन आयुष्यं टांगलेली आहेत, आणि नवी गाडी घेऊन ती आणखी चार वर्षं तशीच टांगलेली राहतील.

हे तपासायचं कसं? नोव्हेंबरात. उन्हाळ्यात मुळीच नको. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा कुणालाही वाटेल की चालत जाऊ. चार-सव्वाचारला अंधारून येतं, फुटपाथ ओला असतो, त्या महिन्यात गाडीची चावी ड्रॉवरमध्ये ठेवायची. विमा, टॅक्स सगळं चालू ठेवायचं, अडीअडचणीला गाडी आहेच. फक्त सहज म्हणून काढायची नाही. आणि काकूंनी कॅलेंडरवर लिहायचं, कुठे गेलो आणि कुठे जायचं राहिलं. राहिलं ते महत्त्वाचं. काका स्वतः डॉक्टर आहेत, लक्षणांची नोंद ठेवल्याशिवाय निदान करत नाहीत. असं सांगितलंस तर त्यांना पटेल.

ट्रिऑर्की त्या मानाने चांगलं गाव आहे. स्टेशन आहे, हाय स्ट्रीट, म्हणजे दुकानांचा मुख्य रस्ता, जिता-जागता आहे. गावातून जाणारी ट्रेहर्बर्टची रेल्वे लाइन कामासाठी बंद होती ती फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, आता कार्डिफला थेट ट्रेनने जाता येतं. वेल्समध्ये साठी झाली की बसचा पास मिळतो आणि तो सकाळच्या गर्दीतही चालतो, इंग्लंडसारखं साडेनऊची वाट बघायला नको. रेल्वेसाठी सीनियर रेलकार्ड काढायचं, वर्षाचे ३५ पौंड, तिकिटात एक तृतीयांश सूट. कार्डिफला सिटी रोडवरून पोहे, हिंग, कढीपत्ता आणायचा तर चाकांची पिशवी घेऊन ट्रेनने जाऊन येता येतं. दहा किलोच्या तांदळाच्या पोत्यासाठी मात्र घरपोच मागवावं, त्यात कसला अभिमान ठेवायचा?

अडचण दोनच ठिकाणी येणार. एक, रॉयल ग्लॅमॉर्गन हॉस्पिटल. तिथे रेल्वे जात नाही, आणि तपासणीची वेळ सकाळची असली तर बस बदलत जाणं म्हातारपणी नकोसं होतं. तिथे सरळ टॅक्सी करायची. दुसरी अडचण त्यांचं घर. हाय स्ट्रीटवरून घरापर्यंतचा चढ मला साठीत असतानाच दमवून गेला होता. काकूंचे गुडघे बघता पिशवी घेऊन तो चढ रोज होणार नाही. म्हणून माझं मत विचारशील तर काकांनी गाडीच्या शोरूममध्ये जायच्या आधी इस्टेट एजंटकडे जावं. खाली सपाटीला, स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर छोटं घर मिळालं तर गाडीचा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो. वरच्या घरातून दरी दिसते, खरं आहे. पण सत्तरीच्या पुढे घर बदलणं दर वर्षी जास्त जड जातं, आणि दोघं धडधाकट असताना केलेला बदल आपल्या मनासारखा करता येतो.

पैशांचं थोडक्यात. काकांना वाटतं गाडीचा खर्च म्हणजे पेट्रोल. त्यांच्याजवळ बसून वर्षाचं सगळं एका कागदावर लिही: २०२५-२६ चा रोड टॅक्स साधारण गाडीला १९५ पौंड, एमओटी जास्तीत जास्त ५४.८५, विमा, सर्व्हिस, टायर, आणि नव्या गाडीची दर वर्षी उतरणारी किंमत, जी सगळ्यांत मोठी असते आणि कुणी लिहीत नाही. समज, सगळं मिळून २,६०० झाले. म्हणजे आठवड्याला ५० पौंड. तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकून त्या खात्याचं कार्ड काकूंच्या हातात द्यायचं, फक्त टॅक्सीसाठी. हे खातं वेगळं असणं फार गरजेचं आहे. आपली माणसं गाडीत हजारो पौंड घालतील, पण बारा पौंडांची टॅक्सी करताना जीव खालीवर होतो आणि मग बाहेर जाणंच टाळतात.

शोरूमवाला पीसीपी, म्हणजे हप्त्यांवर गाडी घ्यायची योजना, सुचवेल, दरमहा थोडे थोडे, तीन-चार वर्षांचा करार. त्यात अडकू नये. या वयात चार वर्षांची हमी डोळ्यांची देता येत नाही, गुडघ्यांचीही नाही. दुरुस्ती परवडण्यासारखी असेल तर जुनीच दुरुस्त करावी. अगदीच गेली असेल तर लहान, वापरलेली, ऑटोमॅटिक गाडी रोख घ्यावी.

भारताच्या फेरीचंही लक्षात घे. दोघं दर हिवाळ्यात दोन-तीन महिने नाशिकला जातात, तेव्हा गाडी दारात उभी राहते. परत येतात तेव्हा बॅटरी बसलेली, ब्रेकच्या डिस्कवर गंज, टायर मऊ. स्वतःच्या आवारात उभी असेल तर सॉर्न (गाडी रस्त्यावर काढणार नाही अशी सरकारी नोंद) जाहीर करून ठेवता येते, म्हणजे तेवढ्या काळाचा टॅक्स नाही आणि विम्याची सक्ती नाही. पण मग ती रस्त्यावर आणायची नाही. एमओटीची तारीख त्या काळात येत असेल तर महिनाभर आधी करून घेतली तरी पुढची तारीख तीच राहते. आणि गाडी काढून टाकली तर नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या दोनच वर्षं धरतात. तेव्हा "काढून बघू, नाही जमलं तर परत घेऊ" असा विचार असेल तर तो त्या मुदतीत व्हायला हवा.

लायसन्सबद्दल तुला भीती वाटते ती मला समजते. इथे सत्तरीला लायसन्स संपतं आणि मग दर तीन वर्षांनी नवं करायचं. पैसे पडत नाहीत, परीक्षा नाही, तब्येत ठीक आहे असं आपणच लिहून द्यायचं. काका खोटं लिहिणार नाहीत. पण स्वतःच्या डोळ्यांबद्दल माणसाला स्वतःला कळतंच असं नाही. वीस मीटरवरून नंबर प्लेट वाचता आली पाहिजे हा नियम आहे. तू नको, ऑप्टिशियनला तपासू दे. साठीनंतर ती तपासणी एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, फुकट होते. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू निघाला तर लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला, डीव्हीएलएला, कळवावं लागतं. शिवाय आयएएम रोडस्मार्टसारख्या संस्थेचा प्रशिक्षक शेजारी बसून ज्येष्ठ माणसाचं ड्रायव्हिंग बघतो आणि काय सुधारायचं ते सांगतो. त्यात पास-नापास नसतं. पुतणीने सांगितलेलं काकांना लागेल, परक्या जाणकाराने सांगितलेलं ते ऐकतील. ते स्वतः आयुष्यभर परक्या जाणकाराचंच काम करत आले आहेत.

बोलायला सुरुवात मात्र काकूंपासून कर. एकटीला फोन कर, काका बागेत असतील तेव्हा. गाडीचा विषय काढूच नकोस. एवढंच विचार, "काकू, गेल्या महिन्यात तुम्हाला कुठे जायचं होतं आणि राहून गेलं?" मग गप्प राहून ऐक. त्यांना लायसन्स काढायची हौस असली, तर वयाची आडकाठी नाही. लेखी परीक्षेत पन्नासपैकी त्रेचाळीस बरोबर लागतात, ऑटोमॅटिकवर शिकल्या तर सोपं जाईल. पण हौस त्यांची असली पाहिजे, तुझी नाही.

आणि पहिला प्रवास म्हणून त्यांना माझ्याकडे पाठव. ट्रिऑर्कीहून कार्डिफ, तिथून लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन. काका येत असतील तर दोघांनी यावं, नाहीतर त्या एकट्या आल्या तरी चालेल. फलाटावर मी उभी असेन. तिकीट दुपारचं काढ, स्वस्त पडतं आणि सकाळची धावपळ होत नाही.

तुझी,
मावशी